सामना संघाचा, मानांकन ज्याचं त्याचं

पत्र असं आहे:

"आमच्याकडे क्लबांची बुद्धिबळाची साखळी स्पर्धा चालते. एका संघात चार पटांवर चार खेळाडू, एक राखीव. आजवर ती अनधिकृतच होती, निकाल फिडेकडे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाकडे, जात नव्हते. आता संयोजन समितीने पुढच्या हंगामापासून स्पर्धा मानांकित करायचा, म्हणजे तिचे निकाल प्रत्येकाच्या मानांकनात (खेळाची ताकद दाखवणाऱ्या आकड्यात) धरायचा प्रस्ताव आणलाय आणि प्रत्येक कर्णधाराला एक मत आहे. माझ्या संघातच दोन तट पडलेत. पहिल्या पटावरचे काका (मानांकन १८७०) म्हणतात, 'मानांकन लावलंत तर माझं नाव यादीतून काढा.' चौथ्या पटावर चौदा वर्षांची मुलगी आहे, १४८०. ती आणि तिची आई म्हणतात, अख्खा दिवस घालवायचा आणि पदरात काही नाही, असं किती दिवस चालायचं? त्यात गेल्या हंगामाच्या शेवटच्या फेरीची भर. आम्ही २–१ ने पुढे होतो, फक्त तिचा डाव उरला होता. समोर १६८० चा खेळाडू. तिच्याकडे एक प्यादं जास्त होतं. प्रतिस्पर्ध्याने बरोबरी देऊ केली, तिने माझ्याकडे पाहिलं, मी म्हटलं, घे. सामना जिंकलो, स्पर्धाही जिंकलो. ती बक्षीस समारंभाला थांबली नाही. तेव्हापासून मनात येतं, हा डाव मानांकित असता तर मी असं सांगू शकलो असतो का? आणि नसतो, तर मग संघांच्या स्पर्धा मानांकित कराव्यात तरी का? — तिसऱ्या पटावरचा कर्णधार"

कर्णधारसाहेब,

मत 'हो' द्या. पण प्रस्तावात दोन-तीन गोष्टी बदलून घ्या, आणि काकांना मतदान झाल्यावर नव्हे, आधी भेटा. त्यांच्याकडे मी येतेच. आधी तो अर्धा गुण (डाव जिंकला की एक, बरोबरीला अर्धा), कारण तुमच्या पत्राचा जीव तिथे अडकलाय.

नियमाने पाहिलं तर तुमच्या हातून काही गैर घडलेलं नाही. फिडेच्या नियमांत संघाच्या कर्णधाराला आपल्या खेळाडूला 'बरोबरी माग', 'बरोबरी घे' किंवा 'डाव सोड' एवढं सांगायची मुभा आहे, त्या स्पर्धेच्या नियमावलीत वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. पटावरच्या स्थितीबद्दल मात्र चकार शब्द काढायचा नाही. खेळाडूने 'घेऊ का?' असं विचारलं तर उत्तरं तीनच: हो, नाही, किंवा तुझं तू ठरव. तुम्ही पहिलं दिलंत. २–१ वर असताना, हंगामातली शेवटची फेरी, स्पर्धा हातात. बहुतेक कर्णधारांनी तेच दिलं असतं आणि मीही दिलं असतं.

आता हाच डाव मानांकित धरून हिशेब करू. दोन खेळाडूंच्या मानांकनांत २०० गुणांचं अंतर असलं की फिडेच्या तक्त्यानुसार खालच्या खेळाडूकडून त्या डावात ०.२४ गुणाची अपेक्षा असते. प्रत्यक्षात मिळालेला गुण आणि ही अपेक्षा यांतला फरक के-गुणकाने गुणायचा, की मानांकनातला बदल निघतो. अठरा वर्षं पूर्ण होतात त्या वर्षाअखेरपर्यंत, मानांकन २३०० च्या खाली आहे तोवर, हा गुणक ४० असतो. तुम्हाआम्हाला तो २०. म्हणजे तुमच्या चौथ्या पटावर विजय झाला असता तर मानांकनाचे ३०.४ गुण, बरोबरी झाली म्हणून १०.४, आणि पराभव झाला असता तर उणे ९.६. बरोबरी आणि विजय यांत २० गुणांचं अंतर. तीच बरोबरी तुम्ही तिसऱ्या पटावर संघासाठी घेतली असतीत तर तुमचं अंतर १० चं असतं. कर्णधार दुसऱ्याच्या अर्ध्या गुणाची किंमत नकळत स्वतःच्या गुणकाने करतो. मुलांच्या बाबतीत ती दुप्पट असते.

ती जिंकलीच असती असंही नाही. एक प्यादं जास्त असलेले डाव बरोबरीत सुटतात, रोज सुटतात, आणि चौदाव्या वर्षी, घड्याळात थोडी मिनिटं उरलेली असताना ते उलटेही फिरतात. तिची आई हिशेब मांडेल तेव्हा हे शांतपणे सांगायला हरकत नाही. पण मुलीला सांगू नका. तिला तो डाव खेळायचा होता, आणि त्यासमोर संभाव्यतेचं गणित मांडणं बरं दिसणार नाही.

मग डाव मानांकित असता तर सांगू शकला असतात का? असता. फक्त सांगायच्या आधी तुमच्या मनात ते वीस गुण आले असते. कदाचित तरीही तुम्ही 'घे' म्हणाला असतात, पण नंतर तिच्याजवळ जाऊन बोलला असतात. किंवा हंगामाच्या सुरुवातीलाच संघाला बसवून सांगितलं असतंत की अशी वेळ आली तर मी काय करीन. अनधिकृत डावात दुसऱ्याचा अर्धा गुण फुकट वाटतो. मला तर संघ स्पर्धा मानांकित करण्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच वाटतो: डाव ज्याचा आहे त्याचं काय जातंय, ते मोठ्यांना आकड्यात दिसतं.

तुमच्या प्रश्नाची दुसरी बाजू अशी की, कर्णधाराच्या सांगण्यावरून घेतलेल्या बरोबऱ्यांनी मानांकन खोटं ठरणार नाही का? हा आक्षेप जुना आहे आणि वरवर पाहता बिनतोड वाटतो. मानांकनाचं गणित धरून चालतं की प्रत्येक जण आपापल्या जास्तीत जास्त गुणांसाठी खेळतोय. संघात तसं नसतं. पण वैयक्तिक स्पर्धेत तरी असतं का? शेवटच्या फेरीत अव्वल पटांवर बारा-पंधरा चालींत हस्तांदोलन करून बक्षिसाची जागा पक्की करणारे तुम्हीही पाहिलेत. ते डाव मानांकनातून वगळा असं कोणी म्हणत नाही. उलट संघात असंही होतं की संघ मागे आहे म्हणून खेळाडू साफ समान स्थितीत बरोबरी नाकारतो, ओढून ताणून विजय काढतो किंवा हरतो. वाकडेपणा दोन्ही दिशांना जातो, आणि बरेच डाव खेळून झाल्यावर एकमेकांना बराचसा फिटतो.

हे गणित मांडणारे आर्पाड एलो स्वतः भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने त्यांची पद्धत १९६० मध्ये घेतली, फिडेने १९७० मध्ये. आपल्या मोजमापाबद्दल त्यांना भ्रम नव्हता. वाऱ्याने हलणाऱ्या दोरीला मोजपट्टी बांधून पाण्यावर डुचमळणाऱ्या बुचाची जागा मोजण्यासारखं हे काम आहे, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे. बूच डुचमळणारच. प्रश्न एवढाच की आपण मोजमापं जास्त वेळा घ्यायची की कमी वेळा.

वरच्या पातळीवर हा वाद कधीच निकालात निघालाय. देशांच्या संघांच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडचे डाव मानांकित असतात. जर्मनीतली क्लबांची अव्वल साखळी, बुंडेसलीगा, आठ पटांची, तीही मानांकित. आपल्या ग्रँडमास्टर अर्जुन एरिगैसीने ऑक्टोबर २०२४ मध्ये थेट मानांकनात (डाव संपताच मोजल्या जाणाऱ्या) २८०० चा टप्पा ओलांडला तो युरोपियन क्लब कपमध्ये, ग्रँडमास्टर दिमित्री आंद्रेइकिनला हरवून. संघांचीच स्पर्धा ती. डिसेंबरच्या अधिकृत यादीत त्याच्या नावापुढे २८०१ छापून आलं. संघाचे डाव खरे डाव नव्हेत असं म्हणायचं, तर या आकड्यालाही कात्री लावावी लागेल.

पण तुमची साखळी म्हणजे बुंडेसलीगा नव्हे, हे मलाही कळतं. तिथे खेळणाऱ्यांना मानधन असतं, तुमचे काका सुट्टीच्या दिवशी स्वतःची खुर्ची पुसून बसतात. म्हणून आता काका.

त्यांची भीती खुळी नाही, आधी हे मान्य करा, निदान त्यांच्यासमोर तरी. समजा त्यांच्यासमोर १४७० चा मुलगा आला. ४०० गुणांचं अंतर, काकांकडून ०.९२ गुणाची अपेक्षा. जिंकले तर १.६ गुण मिळणार. बरोबरी झाली तर ८.४ जाणार, हरले तर १८.४. आता तो मुलगा गेलं वर्षभर रोज चार तास सराव करतोय आणि त्याचा खरा खेळ १७७० च्या आसपासचा आहे, फक्त मानांकित स्पर्धा खेळायला मिळालेल्या नाहीत म्हणून आकडा मागे राहिलाय. अशा मुलांशी काका खरं तर सरासरी ०.६४ गुणच मिळवणार. म्हणजे डावामागे साडेपाच गुणांहून जास्त तोटा, आणि तोही काका त्यांच्या नेहमीच्या दर्जाने खेळत असताना. नऊ फेऱ्यांत पन्नास गुण. आयुष्यभर जपलेला आकडा एका हंगामात १८२० होतो, आणि त्यात काकांचा एकही डाव वाईट नसतो. अशा माणसाला 'खेळाचा आनंद घ्या हो' म्हटलं की तो उठून जाणारच.

हे काकांचं एकट्याचं दुखणं नाही. खालच्या गटात मानांकनं घसरत चालली, ही फिडेलाही मान्य करावी लागलेली गोष्ट आहे. १ मार्च २०२४ पासून त्यांनी २००० च्या खालच्या सगळ्यांची मानांकनं एका फटक्यात वर उचलली: २००० पासून जितकं अंतर, त्याच्या ४० टक्के. १५०० चा खेळाडू १७०० वर गेला, आणि मानांकनाची खालची पायरी १००० वरून १४०० झाली. (काकांचे आजचे १८७० हेही त्यातून थोडे वर उचललेले असण्याची दाट शक्यता आहे. हे त्यांना सांगायची काही गरज नाही.)

इथे काकांचा हिशेब एका जागी उलटा होतो, आणि त्यांच्याशी बोलायचं ते याच जागेवर. मुलांची मानांकनं मागे का राहतात? ती जिथे सगळ्यात जास्त खेळतात ते डाव मोजले जात नाहीत म्हणून. तुमची साखळी अनधिकृत राहिली तर तो १४७० चा मुलगा तिथे नऊ डाव खेळून आणखी तयार होईल आणि आकडा १४७० च राहील. मग पुढच्या खुल्या स्पर्धेत तो काकांच्या समोर येईल तेव्हा तिथे १८.४ ची सुरी तशीच धार लावून ठेवलेली असेल. साखळी मानांकित असेल तर गुणक ४० चा असल्यामुळे तोच मुलगा एका हंगामात शंभराच्या आसपास वर चढेल, आणि काकांना त्याच्याकडून हरण्याची किंमत पुढच्या वेळी कमी मोजावी लागेल. पहिला हंगाम काकांना जड जाईल, हे खरंच आहे, लपवू नका. पण डाव न मोजल्याने ते वाचत नाहीत. बिल फक्त पुढे ढकललं जातं.

हे सगळं पटूनही काका 'नाही' म्हणू शकतात. तो त्यांचा हक्क. त्यांना राखीव जागा देऊन, ठरावीक फेऱ्यांनाच उतरवण्याचा पर्याय तुमच्या हातात आहे. एकच अट घाला: कोणत्या फेऱ्या खेळणार ते आधी सांगायचं, समोर कोण बसलंय ते पाहून नव्हे. प्रतिस्पर्धी संघाची यादी वाचून 'आज जरा कणकण वाटतेय' म्हणणारा पहिल्या पटाचा खेळाडू संघाला फार महागात पडतो, आणि मानांकित साखळीत ही कणकण वाढते, हा माझा अनुभव आहे.

आता समितीच्या प्रस्तावाकडे. तुम्ही त्याचा तपशील लिहिलेला नाही, म्हणून समितीला विचारायचे प्रश्नच देते.

पहिला, वेळ किती? दोघांपैकी एकाचंही मानांकन १८०० किंवा वर असेल तर साध्या (लांब वेळेच्या डावांच्या) मानांकनासाठी ६० चालींच्या हिशेबाने प्रत्येकाला किमान ९० मिनिटं मिळावी लागतात. दोघंही १८०० च्या खाली असतील तर ६० मिनिटं चालतात. २४०० चा कोणी असेल तर १२०. काकांसारखे खेळाडू पहिल्या पटांवर असणार, म्हणजे ९० धरूनच चाला. ६० मिनिटं आणि चालीमागे ३० सेकंद वाढ, हा सोपा मार्ग. ६० चालींत ती वाढच अर्धा तास होते. चारही पटांना हीच वेळ ठेवा. खालच्या पटांवर कमी वेळ देऊन पंचांचं काम सोपं होईल असं कोणी सुचवेल. ते ऐकू नका, एकाच सामन्यात दोन वेगवेगळ्या वेळांची घड्याळं लावली की एक पट संपतो आणि दुसरा रेंगाळतो आणि कर्णधाराच्या 'घे'चा मोह आणखी वाढतो. आज तुमची साखळी जर २५ मिनिटांच्या डावांची असेल, तर तिला जलद मानांकन लागेल, साधं नव्हे. त्या दोन याद्या वेगळ्या आहेत. जलद मानांकनात काकांना काय गमवायचंय? त्यांचं साधं मानांकन त्याने हलणारही नाही. समितीला हा मधला मार्ग पटला तर भांडणच मिटेल, पण मुलीला जे हवंय ते त्यातून पूर्ण मिळणार नाही, हेही लक्षात ठेवा.

दुसरा प्रश्न, निकाल कशावर? सामन्याचे गुण मोजायचे, म्हणजे विजयाला २, बरोबरीला १, की डावांचे गुण? ऑलिम्पियाडमध्ये २००८ च्या ड्रेस्डेनपासून सामन्याच्या गुणांना पहिला मान आहे. त्याने सामने चुरशीचे होतात, पण अडीच–दीड आणि चार–शून्य यांचं मोल सारखं ठरतं, आणि तिथेच तुमच्या शेवटच्या फेरीसारखे प्रसंग जन्माला येतात. साखळी मानांकित करायची असेल तर निदान गुणतक्त्यात संघांची बरोबरी फोडायचा पहिला निकष डावांचे एकूण गुण ठेवा. मग २–१ वर असतानाही चौथ्या पटाचा अर्धा गुण संघाला हवासा वाटेल, आणि तिचं हित व संघाचं हित पुष्कळदा एकाच बाजूला येईल. एवढ्या एका ओळीने माझ्या मते निम्मा वाद मिटतो. म्हणून प्रस्तावात बाकी काही बदललं नाही तरी हे बदलून घ्या.

तिसरा प्रश्न, साखळीत खालचा दुसरा गट असेल तर तोही मानांकित करायचा का? माझं उत्तर नाही. जिथे निम्म्याहून जास्त खेळाडूंना मानांकनच नाही, तिथे नोंदणी करून हाती फार थोडं लागतं. पहिलं मानांकन मिळवायला मानांकित खेळाडूंशी किमान ५ डाव झालेले असावे लागतात. दोन नवखे एकमेकांशी कितीही खेळले तरी त्यातून काही निघत नाही. वरचा गट स्वतंत्र स्पर्धा म्हणून नोंदवा. खालचा मोकळा ठेवा. ज्यांना फक्त खेळायला यायचंय त्यांना जागा राहते, आणि तुमच्या दुसऱ्या पटावरचा किंवा इतर कुठल्या संघातला कोणी 'आता मजा गेली' म्हणालाच तर त्याला दाखवायला दार असतं.

पटांचा क्रम हा आणखी एक जुना खेळ. बलाढ्य संघाशी गाठ असली की कच्च्या खेळाडूला पहिल्या पटावर बळी द्यायचं आणि बाकी सगळे एकेक पट खाली सरकवायचे. गंमत म्हणजे मानांकित साखळीत या बळीचं फारसं बिघडत नाही. तुमची मुलगी १८८० च्या खेळाडूसमोर हरली तर तिचे ३.२ गुण जातील, बरोबरी साधली तर १६.८ मिळतील. चडफडतो तो समोरचा, ज्याला दिवसभर बसून १.६ गुण मिळणार असतात. तेव्हा क्रम हंगामाआधी लिहून द्यायचा आणि मानांकनात शंभराहून जास्त मागे असलेल्याला वर बसवायचं नाही, एवढा नियम पुरे.

बाकीचं कारकुनी आहे पण टाळता येत नाही. स्पर्धा सुरू व्हायच्या आधी नोंदवावी लागते, अर्ध्यात विचार बदलून चालत नाही. परवानाधारक पंच लागतो. प्रत्येक खेळाडूचा फिडे क्रमांक लागतो, तो काढायला आळस करणारा एक तरी भेटतोच. साखळी नव्वद दिवसांहून जास्त चालणार असेल तर निकाल महिन्याच्या महिन्याला पाठवायला हवेत. आणि गैरहजर प्रतिस्पर्ध्याकडून मिळालेला गुण संघाच्या खात्यात जातो, मानांकनात धरला जात नाही. तेव्हा आयत्या वेळी पट रिकामा ठेवणाऱ्या संघाला दंड हवा, तोही वजावटीचा, नुसती समज देऊन भागणार नाही. मुलं लांबून येतात आणि रिकाम्या खुर्चीसमोर एक चाल करून घड्याळ दाबून बसतात, याचा मला मनापासून राग आहे.

मुलीशी काय बोलायचं ते तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. माफी मागू नका, तुमचा निर्णय चुकीचा नव्हता आणि ती माफी तिला खोटी वाटेल. तो डाव पटावर मांडा आणि बरोबरीनंतर पुढे काय झालं असतं ते तिच्याबरोबर खेळून बघा, तिला तिची बाजू घेऊ द्या. मग पुढच्या हंगामाचा तुमचा शब्द सांगा: शेवटचा डाव उरलेला असेल आणि सामना त्याच्यावर टांगलेला असेल तेव्हाच मी 'हो' किंवा 'नाही' म्हणेन, एरवी माझं उत्तर 'तुझं तू ठरव' असेल. चौघांनाही एकच नियम, काकांनाही आणि तुम्हालाही. कुणाला तो मान्य नसेल तर तो आत्ताच बोलेल, बक्षीस समारंभाच्या दिवशी नाही.

मतदानात प्रस्ताव पडायचीही शक्यता आहे. काकांसारखी माणसं प्रत्येक संघात असतात आणि बहुधा पहिल्या पटावरच असतात. तसं झालं तर मुलीला साखळीच्या सगळ्या फेऱ्यांना बांधून ठेवू नका. एखाद्या फेरीच्या दिवशी तिला खेळता येईल अशी मानांकित स्पर्धा असेल तर तिला तिकडे जाऊ द्या आणि चौथ्या पटावर राखीव खेळाडू बसवा. हेही आधीच, तिच्या आईसमोर, ठरवून टाका.